सुजलेलं, सडलेलं, तरी सुबक: नर्गलची मिनिएचर्स रंगवायला शिकताना

वॉरहॅमर हा मिनिएचर म्हणजे छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ, आणि त्याच्या विश्वात नर्गल हा रोगराईचा आणि कुजण्याचा देव. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये वॉरहॅमर आणि १९८७ मध्ये वॉरहॅमर ४०,००० हे खेळ आणले. त्यांतल्या अराजकाच्या चार देवांपैकी मला सर्वांत जवळचा हाच. त्याचे भक्त फुगलेल्या पोटांचे, गळवांनी भरलेले, आतडी बाहेर लोंबणारे, आणि तरी बहुतेक जण हसतमुख. मरणाच्या भीतीने जो शरण येतो त्याला नर्गल रोग देतो आणि सोबत वेदना न जाणवण्याचं वरदानही देतो. म्हणून भक्त त्याला प्रेमाने आजोबा म्हणतात. रंगवताना ही गोष्ट लक्षात ठेवा. ही प्रेतं नव्हेत. यांच्या अंगात रोग जिवंत आहे, वाढतो आहे, आणि तो जिवंतपणा रंगांतून यायला हवा.

नवशिक्यांना बहुतेक जण सांगतात की नर्गलपासून सुरुवात करा, चुका खपून जातात. यात तथ्य आहे. रंग जरा रेषेबाहेर गेला, नको तिथे डाग पडला, तर तो रोगाचाच भाग वाटतो. पण घाण दाखवायची म्हणून कामच घाणेरडं केलं, तर मिनिएचर रोगट न दिसता नुसतं मळकट तपकिरी दिसतं, आणि हातभर अंतरावरून तर तो एक चिखलाचा गोळा वाटतो. रोग उठून दिसतो तो निरोगी भागाच्या शेजारी. फिकट, नीट रंगवलेल्या त्वचेवरचं एक लालबुंद गळू अंगभर फासलेल्या पातळ हिरव्या-तपकिरी रंगापेक्षा कितीतरी जास्त किळस आणतं. पुढची प्रत्येक पायरी याच विचाराने मांडली आहे.

कोणतं मिनिएचर घ्यावं

पहिल्या खेपेला पॉक्सवॉकर किंवा प्लेगबेअरर घ्या. पॉक्सवॉकर म्हणजे रोगाने झोंबी झालेली साधी माणसं. फाटके कपडे, उघडी पोटं, डोक्यावर शिंग फुटलेलं, चेहऱ्यावर विचित्र हसू. प्लेगबेअरर हे नर्गलचे राक्षस, एका डोळ्याचे आणि एका शिंगाचे. दोघांच्याही अंगावर भरपूर त्वचा उघडी असते आणि शिकायची ती त्वचाच. प्लेग मरीन हे नर्गलचे चिलखतधारी सैनिक दिसायला भारदस्त, पण त्यांचं काम बहुतेक चिलखताचं, त्यामुळे ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. ग्रेट अनक्लीन वन हा महाकाय राक्षस पाहून हात शिवशिवतो, पण त्याच्या एवढ्या मोठ्या पोटावर रंगांचा चढउतार सफाईने मिसळायला सराव लागतो.

थ्री-डी प्रिंट केलेलं रेझिनचं मिनिएचरही चालेल. मात्र ते नीट धुतलेलं आणि अतिनील प्रकाशात पक्कं कडक केलेलं हवं. चिकट लागत असेल तर रंग धरणार नाही. रेझिन घासायचं असेल तर पाणी लावून घासा आणि मास्क वापरा, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

सामान

नर्गलचा पवित्र आकडा ७, आणि पहिल्या मिनिएचरला रंगही सातच पुरतात: हाडासारखा पांढुरका, गेरूकडे झुकणारा पिवळा, गडद ऑलिव्ह हिरवा, गडद लाल, जांभळा, गडद तपकिरी आणि बंदुकीच्या नळीसारखा काळसर चंदेरी. यांशिवाय तपकिरी, जांभळा आणि हिरवा असे तीन वॉश. वॉश म्हणजे खाचांमध्ये जाऊन बसणारा पातळ रंग, सिटाडेल हा गेम्स वर्कशॉपचाच रंगांचा ब्रँड त्यालाच शेड म्हणतो. सिटाडेलमधूनच घ्यायचे तर त्वचेसाठी रॅकार्थ फ्लेश, आणि वॉशमध्ये ॲग्रॅक्स अर्थशेड, ड्रुकी व्हायोलेट आणि ॲथोनियन कॅमोशेड. स्पेनच्या व्हायेहोचे रंगही तितकेच चांगले, आणि ड्रॉपरच्या बाटलीमुळे वाया कमी जातात.

कॅम्लिनचे ॲक्रिलिक चालतील का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. जमीन, गंज, चिखल यांना खुशाल वापरा. चेहरा आणि त्वचेला मात्र मिनिएचरसाठी बनवलेले रंगच घ्या. त्यांतली रंगद्रव्याची पूड अगदी बारीक असते, म्हणून पातळ थरातही रंग नीट झाकतो. पैसे वाचवायचे असतील तर सातऐवजी चारच रंग घ्या आणि बाकीचे मिसळून करा. पिवळ्यात थोडा काळा घातला की सुंदर रोगट ऑलिव्ह हिरवा मिळतो, नर्गलसाठी तो विकतच्या हिरव्यापेक्षा सरस आहे.

ब्रश एकच घ्या, पण टोकदार. १ किंवा २ नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश तीन शून्यांच्या केसभर ब्रशपेक्षा जास्त उपयोगी, कारण त्याच्या पोटात रंग राहतो आणि टोकावर लगेच वाळत नाही. ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग फिरवायला, एखादा जुना, आखूड केसांचा ब्रश वेगळा ठेवा. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय लावून घेऊ नका, काही रंगद्रव्यं विषारी असतात.

रंग ओला ठेवणारी पॅलेट घरीच होते. पसरट झाकणाच्या डब्यात किचन टिश्यूच्या दोन-तीन घड्या पाण्याने भिजवून ठेवा, वर बेकिंगचा कागद अंथरा, आणि त्यावर रंग काढा. मार्च ते मे या दिवसांत, विशेषतः पंख्याखाली, ॲक्रिलिक मिनिटभरात कातडं धरतो. या डब्यात तो तासन्‌तास टिकतो.

जोडणी, आणि थोडा रोग वाढवणं

तुकडे स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यातून, कटरने काढा, साच्याच्या जोडरेषा चाकूच्या पाठीने खरवडा. गुळगुळीत फुगलेल्या पोटावरून आडवी गेलेली रेष वॉश लावल्यावर ठळक उठते आणि मग काही केल्या लपत नाही. प्लास्टिकला पॉलिस्टायरीनचा गोंद लावा, तो प्लास्टिक किंचित विरघळवून जोड एकजीव करतो. रेझिन आणि धातूला सुपरग्लू.

इथेच या छंदातली मोठी गंमत आहे. साधं कोणतंही मिनिएचर तुम्ही स्वतः आजारी करू शकता. दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी घ्या. ग्रीन स्टफ तासाभराहून जास्त वेळ मऊ राहते, म्हणून शिकायला बरी. एम-सील स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं, पण लवकर घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडंच मळा. मोहरीएवढी गोळी करून अंगावर दाबा, ओल्या सुईने कडा त्वचेत मिसळा, आणि टोकावर सुई हलकेच टोचा. झालं गळू. अशी गळवं एकसारखी पसरू नका. शरीरावर फोड घोळक्याने येतात. एक मोठं, शेजारी दोन लहान, मग मोकळी जागा. काख, मान, मांडीचा सांधा, चिलखताची कड जिथे त्वचेला घासते, अशा जागा निवडा. हातड्रिलने चिलखताला किंवा हाडाला एक मिलिमीटरची भोकं पाडली की कीड लागल्यासारखं दिसतं.

खरखरीत, खपली धरलेली कातडी हवी असेल तर सुपरग्लूचा पातळ थर लावून त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा. तो क्षणात दगडासारखा होतो. या मिश्रणातून उष्णता आणि वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड जवळ नेऊ नका.

प्रायमर

प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर. गडद मिनिएचर म्हणून काळा प्रायमर, ही पहिली चुकीची दिशा. रोगट त्वचा फिकी असते, काळ्यावर ती आणायला थरांवर थर द्यावे लागतात. राखाडी किंवा हाडाच्या रंगाचा प्रायमर घ्या. थोडं पुढे जायचं असेल तर आधी सगळीकडे काळा आणि मग फक्त वरून तिरका पांढरा मारा. उजेड कुठून पडतो ते मिनिएचरवर आयतंच उमटतं, आणि वर पातळ रंग दिले की सावल्या तयार.

स्प्रे २५ ते ३० सेंटिमीटरवरून, झटके देत मारा. पण हवा पाहून. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोव्यात दमट हवेमुळे स्प्रेवर धुकट पांढरी साय धरते. उलट विदर्भातल्या भर उन्हात रंग मिनिएचरपर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात स्प्रेचा नाद सोडून ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन प्रायमर घ्या, आणि पूर्ण दिवसभर वाळू द्या.

त्वचा

सगळा जीव इथे आहे, म्हणून सावकाश.

आधी एक चित्र पाहा. माथियास ग्र्युनेवाल्डने साधारण १५१२ ते १५१६ या काळात आयझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र रंगवलं. त्या मठात सेंट अँथनीच्या पंथाचे साधू राय धान्यावरच्या अर्गट बुरशीने विषबाधा झालेल्यांची, हातपाय काळे पडून झडू लागलेल्यांची शुश्रूषा करत. सेंट अँथनीला भुतं छळत आहेत त्या फलकात, खाली डाव्या कोपऱ्यात, फुगलेल्या पोटाचा आणि अंगभर फोड आलेला एक जण रेलला आहे. हे वेदीचित्र आज फ्रान्समध्ये, कोल्मारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे, आणि त्याची मोठी छायाचित्रं इंटरनेटवर मिळतात. त्वचेचा हिरवट फिकेपणा आणि त्यावरचे लाल फोड बघा. हिरवा आणि लाल हे रंगचक्रात समोरासमोरचे, एकमेकांना भडकवणारे. नर्गलची सगळी रंगसंगती पाचशे वर्षांपूर्वी त्या फलकात मांडून झाली आहे.

दुसरा संदर्भ आपल्याच अंगावरचा. मुका मार लागला की तिथे आधी लालसर, मग निळं-जांभळं, मग हिरवट आणि शेवटी पिवळं होतं. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडताना आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन बनतं, त्याचे हे रंग. म्हणून जखमेच्या मध्यावर जांभळा, भोवती हिरवा, आणि कडेला विरत जाणारा पिवळा. हा क्रम पाळला की पाहणाऱ्याला का ते कळत नाही, पण खरं वाटतं. खऱ्या रुग्णांचे फोटो मात्र संदर्भाला घेऊ नका. कुणाचं तरी दुखणं आपल्या छंदासाठी समोर ठेवणं मला बरं वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. बुरशी आलेलं लिंबू, सडका पपई, अळंबी, पावसाळ्यातली शेवाळलेली भिंत यांत लागणारे सगळे रंग आहेत.

आता हातात ब्रश. पांढुरक्यात हिरव्याचा अगदी थेंब मिसळून पायाचा, म्हणजे सर्वांत खालचा, रंग करा, पाणी घालून ताकाइतका पातळ, आणि दोन थर द्या. पहिला थर डागाळलेला दिसेल, घाबरू नका, तो वाळल्यावर दुसऱ्याने भरून निघतो. मग तपकिरी वॉश सगळ्या त्वचेवर. वॉश ओतून निघून जाऊ नका. पोटाखाली, हनुवटीखाली तळी साचली की ब्रश टिश्यूवर पुसून त्या कोरड्या टोकाने जादा वॉश टिपून घ्या. आणि अर्धवट वाळलेल्या वॉशला पुन्हा हात लावू नका, कडेला डागांची वर्तुळं उमटतात. अर्धा तास बाजूला ठेवा.

वाळल्यावर तोच पायाचा रंग फक्त उंचवट्यांवर परत द्या: पोटाचा वरचा भाग, खांदे, गाल, बोटांचे सांधे. खाचांत वॉश तसाच राहू द्या. नवशिक्यांकडून हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते, आणि मिनिएचर मळकट दिसण्याचं कारण नेमकं हेच असतं.

यानंतर रोग. जांभळा वॉश थोडं पाणी घालून आणखी पातळ करा आणि ब्रश टिश्यूवर एकदा टेकवून घ्या, म्हणजे ओघळ येत नाही. डोळ्यांभोवती, काखेत, चिलखताच्या कडेलगत, जखमांभोवती लावा. ब्रशचा फटकारा जिथे संपतो तिथे सर्वांत जास्त रंग बसतो, म्हणून जिथे गडद हवं तिकडे ओढत न्या. लाल असाच पातळ करून कोपर, गुडघे, नाक, बोटांच्या टोकांना. हिरवा पोटाच्या तळाशी. पिवळा या रंगांच्या कडेला. प्रत्येक थर वाळू द्या, एका थराने फारसा फरक दिसणार नाही, तिसऱ्याने दिसेल. आणि एक मोठी जागा, पोटाचा मध्य किंवा एक अख्खा दंड, मुद्दाम कोरी ठेवा.

गळवं, जखमा, आतडी

गळवाच्या पायथ्याशी गडद लाल आणि जांभळा मिसळून एक कडं काढा, बाहेरची कड पाण्याच्या ब्रशने विरवा. वरच्या उंचवट्याला गेरू-पिवळा, त्याहून लहान भागावर पिवळ्यात पांढुरका मिसळून, आणि टोकावर सुईच्या अग्राएवढा जवळजवळ पांढरा ठिपका. सगळी गळवं पिकलेली दाखवू नका. काही नुसती लाल, काही फुटून गेलेली, मध्यभागी गडद खड्डा असलेली असू द्या.

आतड्यांना आधी गडद लालसर गुलाबी, मग जांभळा वॉश, आणि वळणांच्या माथ्यावर फिका गुलाबी. हाड आणि दात पिवळसर ठेवा, मुळाशी तपकिरी. रक्त वापरायचं तर आवरून. नर्गल हा रक्ताचा देव नव्हे, तो मान चौघांतल्याच खोर्न या देवाचा. वाळलेलं रक्त तपकिरी होतं, त्यामुळे लालमध्ये तपकिरी मिसळल्याशिवाय ते रंगासारखंच दिसतं.

चिलखत आणि गंज

डेथ गार्ड ही नर्गलच्या बाजूला गेलेली सैनिकांची तुकडी. कथेप्रमाणे फितुरीआधी त्यांचं चिलखत फिकं पांढुरकं होतं आणि कडांना हिरवा होता, नंतर ते मळक्या हिरव्यात बुडालं. या माहितीचा उपयोग करा: हिरव्या चिलखतावर मधूनच जुना पांढुरका रंग डोकावू द्या, एका पट्टीत एक इतिहास दिसतो.

गंज कुठे येईल याचा विचार पाण्याच्या अंगाने करा. पाणी साचतं ती खाच, खिळ्याची डोकी, खालच्या कडा. पॅकिंगच्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवा, टिश्यूवर जवळजवळ पूर्ण टिपून घ्या आणि कडांवर हलके टेकवा. मोठ्या टवक्यांच्या मध्ये नारिंगी-तपकिरीचे लहान ठिपके द्या, आणि त्यांतून पातळ तपकिरीचे ओघळ सरळ खाली ओढा. सगळे ओघळ खालीच जायला हवेत, तिरका ओघळ लगेच खोटा दिसतो. सिटाडेलचा टायफस करोजन हा रंग लावून त्यावर रायझा रस्ट या रंगाने ड्रायब्रश केलं तर हेच काम झटपट होतं, पण दोन्ही मिळून चिलखताचा पाव भाग झाकला की थांबा. पितळेच्या कडांना खाचांत पातळ फिरोजी रंग सोडून उंचवटे बोटाने पुसले, की ताम्रगंज येतो.

जमीन, वॉर्निश, आणि सगळ्यात शेवटी चिकटा

पायाखालची जमीन मिनिएचरपेक्षा वेगळ्या रंगाची ठेवा. हिरवट त्वचेखाली हिरवंच दलदल केलं तर पाय गडप होतात. लालसर तपकिरी माती किंवा राखाडी राडारोडा बरा. मिनिएचर ज्या चकतीवर उभं असतं तिची बाहेरची कड एका सपाट गडद रंगात स्वच्छ रंगवा, वरच्या सगळ्या गोंधळाला तिने चौकट मिळते.

आता मॅट वॉर्निशचे दोन पातळ थर, आणि पुन्हा हवेतला दमटपणा पाहूनच. पूर्ण वाळल्यावर चमक द्यायची. क्रम उलटा केला तर मॅट वॉर्निश सगळा ओलेपणा खाऊन टाकतं. गळवांची टोकं, आतडी, जीभ, डोळे आणि उघड्या जखमा यांवर ग्लॉस वॉर्निश ब्रशने लावा. कोरड्या त्वचेच्या शेजारी एवढेच ओले भाग चकाकले की बघणारा हात मागे घेतो.

तोंडातून लोंबणारी लाळ आणि पू यांच्या तारा पारदर्शक उहू गोंदाने येतात. काडीच्या टोकावर थेंब घ्या, वरच्या दातांना टेकवा, खालच्या ओठापर्यंत ओढा आणि तिथे चिकटवून काडी झटकन बाजूला घ्या. जमली नाही तर तार ओली असतानाच काढून टाका आणि पुन्हा करा. वाळल्यावर त्यावर नर्गल्स रॉट हा पिवळसर हिरवा, पारदर्शक, चकचकीत रंग हलकेच फिरवा. तो नसेल तर ग्लॉस वॉर्निशमध्ये हिरव्या वॉशचा थेंब मिसळा. तीन-चार तारा पुरेत, त्यांतली एक जाड आणि बाकीच्या केसासारख्या. रात्रभर झाकून ठेवा, नाहीतर धूळ चिकटते, आणि खेळायला नेताना फोममध्ये दाबू नका. चकतीखाली चुंबक लावून पत्र्याच्या डब्यात उभं ठेवलं की तारा मोडत नाहीत.